२१७ नंतर थेट २१९: छोट्या डेटाबेसमध्ये बिलांना नंबर कसे द्यायचे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फिरलात तर असं मशीन शॉप हमखास दिसेल, जिथे खाली लेथ आणि व्हीएमसी मशीन चालू आहेत आणि माळ्यावरच्या ऑफिसात एका कॉम्प्युटरवर सगळा हिशेब चाललाय. फाउंड्रीतून कास्टिंग चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर येतं, मशीनिंग होतं, माल परत जातो आणि मागोमाग मजुरीचं बिल जातं. खातेवहीसाठी टॅली असतंच. पण कुठल्या पार्टीचे किती नग आले, किती गेले, किती रिजेक्ट झाले, हा जॉबवर्कचा हिशेब बऱ्याच ठिकाणी कुणीतरी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये बांधून दिलेला असतो. दहा-दहा वर्षं तो बिनतक्रार चालतो. आणि मग एके दिवशी मालकांचा फोन येतो: "ओ सर, २१७ नंतर डायरेक्ट २१९ आलंय. २१८ कुठं गेलं?"

२१८ कुठेही गेलेलं नसतं. ते कधी झालेलंच नसतं. मालकांना हे पटत नाही आणि त्यांच्या सीएंना तर त्याहून पटत नाही. म्हणून हा नंबर कुठून येतो, कधी येतो आणि मध्येच गळतो कसा, ते नीट पाहू.

एकाच कागदावर तीन वेगवेगळे नंबर असू शकतात, इथून सुरुवात करायला हवी. पहिला म्हणजे यादीतला अ. क्र. पार्टीवार यादी छापली की डावीकडे १, २, ३ असं येतं ते. उद्या यादी तारखेप्रमाणे लावली की तोच माणूस चौथ्याचा नववा होतो. हा नंबर डेटाबेसमध्ये साठवायचाच नसतो, छापताना मोजायचा असतो. ॲक्सेसच्या रिपोर्टमध्ये एका चौकटीत =१ लिहून तिला 'रनिंग सम' लावलं की काम झालं. तरी लोक टेबलमध्ये 'अ. क्र.' नावाचा रकाना करतात आणि एक नोंद काढली की खालच्या सगळ्या नोंदींचे आकडे हाताने बदलत बसतात. याच्यावर एवढंच पुरे.

दुसरा नंबर मशीनचा. प्रत्येक नोंद दुसरीपासून वेगळी ओळखता यावी म्हणून डेटाबेस तिला स्वतः एक आकडा देतो. ॲक्सेसमध्ये याला ऑटोनंबर म्हणतात. बिलाच्या डोक्यावरची माहिती एका टेबलमध्ये आणि त्यातल्या मालाच्या ओळी दुसऱ्या टेबलमध्ये असतात. त्या दोघांची गाठ या आकड्याने बांधलेली असते.

तिसरा नंबर माणसांचा. तो बिलावर छापला जातो, पार्टी फोनवर सांगते, जीएसटीच्या रिटर्नमध्ये जातो.

२१८ चा घोळ होतो तो दुसऱ्या नंबरकडून तिसऱ्याचं काम करून घेतल्यामुळे. ऑटोनंबर फुकट मिळतो, आपोआप वाढतो, दिसायलाही १, २, ३ असाच दिसतो. मग तोच बिलावर छापला तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. फॉर्म उघडून नवीन बिलात तुम्ही पार्टीच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलंत की ऑटोनंबर त्याच क्षणी खर्ची पडतो. बिल सेव्ह होण्याची तो वाट बघत नाही. तेवढ्यात खालून सुपरवायझर ओरडला, "थांबा, त्यांचे आठ नग अजून राहिलेत", आणि तुम्ही एस्केप दाबून बाहेर आलात. स्क्रीनवर काहीच उरलं नाही, पण २१८ वापरला गेला. पुढच्या बिलाला २१९ मिळणार. जुनी नोंद डिलीट केली तरी तिचा नंबर पुन्हा मिळत नाही. एक्सेलमधून शंभर ओळी आत ओढताना मध्येच काही अडून सगळं रद्द झालं तरी त्यात घेतलेले आकडे जातात ते जातातच.

हा ॲक्सेसचा दोष नाही. टेबलमधल्या दोन नोंदींना एकच आकडा द्यायचा नाही, एवढ्यासाठीच ऑटोनंबर आहे. सलग राहण्याचं वचन त्याने कधी दिलेलंच नाही. त्याची एक सेटिंग तर 'रँडम' अशीच आहे. ती लावली की उणे आकडेसुद्धा येतात आणि मशीनला त्याचं काही वाटत नाही. आकडे संपतील अशी काळजी नको: हा आकडा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंत जातो. उद्यमनगरातल्या कुठल्याही शॉपला तेवढी बिलं फाडायला अनेक जन्म लागतील. त्याच्या फार आधी ॲक्सेस फाइलची २ जीबीची मर्यादा आडवी येईल.

म्हणून ऑटोनंबर ठेवायचा, पण झाकून. फॉर्मवर दाखवायचा नाही, छापायचा नाही, कुणाला सांगायचा नाही.

कायद्याला काय हवंय

केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधला नियम ४६ बिलावर काय काय असायला हवं ते सांगतो. त्यात नंबराबद्दल असं आहे: तो सलग असावा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालेल, आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला परवानगी आहे. म्हणजे मजुरीच्या बिलांची एक आणि विक्रीच्या बिलांची वेगळी अशा दोन मालिका खुशाल ठेवा. माल पाठवायच्या चलनालाही नियम ५५ खाली असाच अनुक्रमांक लागतो.

महिन्याच्या किंवा तिमाहीच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये तक्ता १३ असतो. तिथे मालिकेतला पहिला नंबर, शेवटचा नंबर, एकूण किती, त्यातले रद्द किती, हे भरायचं असतं. सीएंचा फोन येतो तो इथूनच. १ ते ३४० म्हणून लिहायचं आणि प्रत्यक्षात बिलं ३३६ निघाली, तर मधली चार रद्द झाली की हरवली? 'रद्द' म्हणायला रद्द केलेलं बिल तरी दाखवता यायला हवं. ऑटोनंबरने गिळलेल्या २१८ चं दाखवायला काहीच नसतं.

छापील बिलबुकात हा प्रश्न आपोआप सुटायचा. प्रेसमधून नंबर टाकूनच पुस्तक यायचं. बिल चुकलं की वरची प्रत आणि कार्बन प्रत दोन्हींवर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहायचं आणि पान पुस्तकातच ठेवायचं. नंबर आधी होता, बिल नंतर व्हायचं. कॉम्प्युटरवर उलटं आहे. इथे बिल आधी तयार होतं आणि त्याला नंबर कधी चिकटवायचा हे आपण ठरवतो. सगळी गंमत आणि सगळे घोळ या 'कधी'मध्ये आहेत.

सर्वात मोठा अधिक एक

नंबर स्वतः काढायचा म्हटलं की डोक्यात येणारी पहिली युक्ती म्हणजे आजवरची बिलं मोजायची आणि त्यात एक मिळवायचा. ही युक्ती करू नका. दहा बिलांपैकी चौथं कुणी डिलीट केलं तर मोजणी नऊ भरते, नऊ अधिक एक दहा, आणि दहा नंबरचं बिल आधीच पार्टीकडे पोचलेलं असतं.

मोजायचं नाही, सर्वात मोठा शोधायचा. ॲक्सेसमध्ये त्यासाठी डीमॅक्स नावाचं फंक्शन आहे. साध्या मराठीत सूत्र असं:

पुढचा नंबर = (या मालिकेतला, या आर्थिक वर्षातला सर्वात मोठा नंबर; एकही नसेल तर ०) + १

'एकही नसेल तर ०' हा तुकडा गाळू नका. तो नसेल तर ३१ मार्चपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि १ एप्रिलच्या सकाळी पहिल्याच बिलाला नंबर येत नाही. नव्या वर्षात बिल नाही, म्हणून सर्वात मोठा नंबर नाही, आणि 'नाही' अधिक एक म्हणजे ॲक्सेसच्या लेखी पुन्हा 'नाही'च. एनझेड हे छोटं फंक्शन या 'नाही'चा शून्य करून देतं.

आता एक सापळा बघा, यात चांगले चांगले अडकतात. बिलावर नंबर छापायचा असतो 'यूएन/२०२४-२५/९९' असा. मग टेबलमध्येही तो तसाच, मजकूर म्हणून साठवला जातो. शंभराव्या बिलापर्यंत सगळं झकास. त्यानंतर पुढचं बिल करायला गेलं की पुन्हा १०० च येतो. परत करा, परत १००. कारण मजकुराची तुलना अक्षर अक्षर करून होते. '९९' आणि '१००' समोरासमोर ठेवले की मशीन पहिलं अक्षर बघतं, ९ आणि १, आणि ९९ मोठा ठरवतं. शंभरावं बिल आत असलं तरी मशीनच्या दृष्टीने सर्वात मोठा अजून ९९ च आहे.

यावर पुढे शून्यं जोडून ००९९ करायचा तोडगा लोक काढतात. तो ९,९९९ पर्यंत चालतो आणि मग तेच दुखणं दुसऱ्या जागी निघतं. खरा उपाय म्हणजे तुकडे वेगळे साठवायचे: मालिका एका रकान्यात, आर्थिक वर्ष दुसऱ्यात, आणि नंबर तिसऱ्यात निव्वळ आकडा म्हणून. 'यूएन', तिरकी रेघ आणि आधीची शून्यं हा सगळा साज छापताना चढवायचा. दोन अक्षरं, तिरकी रेघ, सात अक्षरांचं वर्ष, परत तिरकी रेघ आणि चार आकडे मिळून १५ होतात, म्हणजे १६ च्या आत बसतं. ज्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवणं, लागू आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: तिथे बिलाचा नंबर शून्याने किंवा रेघेने सुरू झालेला चालत नाही. तेव्हा शून्यांच्या आधी अक्षरं असलेली बरी.

दोन मशीन, एक नंबर

एका कॉम्प्युटरवर एकच माणूस बिलं करत असेल तर इथवरचं पुरेसं आहे. पण धंदा वाढतो, दुसरा कॉम्प्युटर येतो, फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जाते. मग एक दिवस दोन पार्ट्यांच्या हातात एकाच नंबरचं बिल पडतं.

रेशन दुकानाच्या रांगेत नवा आलेला माणूस विचारतो, "शेवट कोण?" कुणीतरी हात वर करतं आणि हा त्याच्या मागे उभा राहतो. दोघं एकाच क्षणी आले आणि दोघांनी एकदमच विचारलं, तर दोघांनाही तोच हात दिसतो आणि दोघंही स्वतःला त्याच्या मागचा समजतात. डीमॅक्सचं नेमकं हेच होतं. पहिल्या मशीनने विचारलं, सर्वात मोठा कोण? ३१२. दुसऱ्यानेही विचारलं, ३१२. दोघांनीही ३१३ लावला.

फॉर्म उघडतानाच नंबर दाखवला असेल तर हे हटकून घडणार, कारण विचारणं आणि सेव्ह करणं यात चहा पिण्याइतका वेळ जातो. म्हणून नंबर द्यायची जागा बदलायची. ॲक्सेसच्या फॉर्मला सेव्ह होण्याच्या अगदी आधीची एक घटना असते, बिफोर अपडेट. सगळ्या तपासण्या आधी उरकायच्या, पार्टी भरली का, जीएसटी क्रमांक आहे का, रक्कम शून्य तर नाही, आणि सर्वात शेवटी नंबर काढायचा. तोवर नंबराच्या जागी 'सेव्ह केल्यावर मिळेल' असं लिहून ठेवा. सुरुवातीला ऑफिसातली माणसं कुरकुरतात, नंबर आधी दिसत नाही म्हणून. आठवड्यात सवय होते.

याने फट बारीक होते, बुजत नाही. ॲक्सेसचं इंजिन वाचलेला डेटा थोडा वेळ आपल्या मेमरीत धरून ठेवतं, त्यामुळे शेजारच्या मशीनवर आत्ताच सेव्ह झालेलं बिल इकडे लगेच दिसेलच असं नाही. फट पूर्ण बुजवायचं काम कोडचं नाहीच, ते टेबलचं आहे. मालिका, वर्ष आणि नंबर या तीन रकान्यांवर मिळून एक युनिक इंडेक्स लावायचा. मग तीच तिकडी दुसऱ्यांदा आली की टेबल स्वतःच नोंद घ्यायला नकार देतं. त्रुटी क्रमांक ३०२२ येतो, कोडने तो पकडायचा, नंबर पुन्हा काढायचा आणि पुन्हा सेव्ह करायचं.

इथे एक बारीक चूक दिसते. बरेच जण कोडमध्ये अट घालतात: 'नंबर रिकामा असेल तरच नवा दे'. हेतू चांगला असतो, जुनं बिल दुरुस्त करताना त्याचा नंबर बदलू नये. पण पहिला प्रयत्न ३१३ वर आपटला की फॉर्मवरच्या रकान्यात ३१३ तसाच राहतो. दुसऱ्या वेळी नंबर रिकामा नाही, म्हणून नवा काढलाच जात नाही आणि बिचारा ऑपरेटर सेव्ह दाबदाबून थकतो. अट 'नंबर रिकामा आहे का' अशी नको, 'ही नोंद नवीन आहे का' अशी हवी. त्यासाठी ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये न्यू रेकॉर्ड हा गुण तयारच आहे.

दुसरा रस्ता आहे वेगळ्या टेबलचा. त्यात फक्त मालिका, वर्ष आणि शेवटचा दिलेला नंबर. बिल सेव्ह करताना ती ओळ कुलूपबंद करायची, एक वाढवायचा, बिल लिहायचं आणि कुलूप काढायचं. ही सगळी कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं नाहीतर काहीच नाही अशी बांधली तर बिल फसल्यावर वाढवलेला आकडाही मागे येतो आणि खंड पडत नाही. मात्र ॲक्सेसचे टेबलला थेट जोडलेले फॉर्म या बांधणीत सहज बसत नाहीत, सेव्हचा सगळा कोड हाताने लिहावा लागतो. माझं मत विचाराल तर दोन-तीन मशीनच्या ऑफिसला डीमॅक्स आणि युनिक इंडेक्स एवढी जोडी भरपूर झाली. वेगळं टेबल पाच-सहा जण दिवसभर बिलं पाडत असतील तिथे.

एसक्यूलाइट हा दुसरा छोटा डेटाबेस वापरणाऱ्यांनीही गाफील राहू नये. तिथे साध्या पूर्णांकाच्या प्रायमरी कीला, म्हणजे नोंद ओळखायच्या रकान्याला, नंबर आपोआप मिळतो, पण शेवटची नोंद डिलीट केली तर तिचाच नंबर पुढच्या नोंदीला मिळू शकतो. ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द जोडला की नंबर परत येत नाही, पण सलग राहण्याची हमी तिथेही नाही. आणि 'आता मोठा डेटाबेस घेऊया, म्हणजे कटकट मिटेल' असं वाटत असेल तर एसक्यूएल सर्व्हरचा किस्सा ऐका. २०१२ च्या आवृत्तीपासून तो आयडेंटिटीचे, म्हणजे त्याच्या ऑटोनंबरचे, आकडे आधीच गठ्ठ्याने काढून ठेवतो. वीज गेली आणि सर्व्हर नीट बंद न होता पुन्हा चालू झाला की नंबर एकदम हजाराने पुढे उडी मारू शकतो. मोठे डेटाबेस हे मुद्दाम करतात, शेकडो जणांना एका कुलपापाशी ताटकळत ठेवण्यापेक्षा आकडे वाया गेलेले त्यांना परवडतात. परवडत नाहीत ते बिलाला.

डिलीटचं बटण काढा

डीमॅक्स वापरताना शेवटचं बिल कुणी डिलीट केलं तर तोच नंबर पुढच्याला मिळतो. कागद पार्टीकडे गेलेला असेल तर एकाच नंबरची दोन बिलं बाजारात फिरतात. म्हणून बिलांच्या फॉर्मवर डिलीट बंद करायचं आणि 'रद्द' असा एक होय-नाहीचा रकाना ठेवायचा. रद्द बिल बेरजेत धरायचं नाही, पण यादीत दिसायला हवं. ई-इनव्हॉइसमध्ये तर पर्यायच नाही. तिथला ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे बिलाचा पोर्टलवरचा ओळख क्रमांक, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांतूनच तयार होतो. रद्द केलेल्या बिलाचा नंबर परत वापरला तर पोर्टल तो घेत नाही.

आर्थिक वर्ष कुठून काढायचं, हाही प्रश्न एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हमखास येतो. ३१ मार्चला माल गेलाय, बिल ३ तारखेला टाइप होतंय. कोडने आजची तारीख बघितली तर मार्चच्या तारखेचं बिल नव्या वर्षाच्या मालिकेत जाऊन बसेल. वर्ष नेहमी बिलाच्या तारखेवरून काढायचं: महिना एप्रिल किंवा पुढचा असेल तर चालू साल, नाहीतर मागचं. आणि सेव्ह झालेल्या बिलाची तारीख कुणी मार्चवरून एप्रिलवर नेली तर त्याला अडवायचं. तसं बिल रद्द करून नवं करावं.

फाउंड्रीच्या चलनाचा नंबर मात्र आपण द्यायचा नसतो. तो त्यांचा, आपण फक्त उतरवून घ्यायचा. दोन फाउंड्रींचं ११२ नंबरचं चलन एकाच दिवशी येऊ शकतं, म्हणून तिथे नुसत्या चलन नंबरावर युनिक इंडेक्स लावला तर दुसऱ्याचा माल आत घेताच येणार नाही. इंडेक्स पार्टी, वर्ष आणि चलन नंबर अशा तिन्हींवर मिळून हवा.

चालू वर्षात मध्येच बिलबुकावरून कॉम्प्युटरवर येत असाल आणि शेवटचं हाताने लिहिलेलं बिल ३४८ असेल, तर ३४८ ची नोंद टाकून मगच सुरुवात करा, पुढचा ३४९ आपोआप येईल. मागची ३४७ बिलं फुरसतीने भरली तरी चालतील, पण त्यांना नंबर हाताने द्यावे लागतील, तेवढ्यापुरता वेगळा फॉर्म ठेवा आणि काम झालं की तो काढून टाका.

रिटर्न भरण्याआधी खंड शोधायची एक छोटी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून ठेवावी. बिलांचं टेबल स्वतःलाच जोडायचं, अशा बेताने की प्रत्येक नंबराच्या शेजारी त्याच मालिकेतला आणि त्याच वर्षातला एक जास्तीचा नंबर यावा, आणि जिथे शेजार रिकामा आहे तेवढ्याच ओळी दाखवायच्या. प्रत्येक मालिकेची दर वर्षाला एक ओळ तर येणारच, ती शेवटच्या बिलाची. त्यांच्याशिवाय आणखी आल्या तर प्रत्येक ओळ सांगते की याच्या पुढचा नंबर गायब आहे.